आधी स्पीकर, शेवटी वायर

फ्लॅटवर होम थिएटर जोडायचंय? तपकीर गल्लीत शिरण्याआधी हे वाचा. कॉन्ट्रीचे पैसे कुठे घालायचे आणि कुठे अजिबात नाही, याचा हा हिशेब.

चार रूममेट, भिंतीला टेकवलेला एक टीव्ही आणि दर शुक्रवारी ओटीटीवर आलेलं काहीतरी नवीन. टीव्हीच्या पाठीमागे दडवलेल्या चिमुकल्या स्पीकरमधून हाणामारी दणक्यात ऐकू येते, पण हिरो हळू आवाजात काय बोलला ते कुणालाच कळत नाही. मग कुणीतरी सबटायटल लावतं. मराठी सिनेमाला इंग्रजी सबटायटल! दोन-तीन वेळा असं झालं की विषय निघतोच, ‘चला रे, कॉन्ट्री काढू आणि होम थिएटर घेऊन टाकू.’

पुण्यात यानंतरचा पत्ता ठरलेला असतो : बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. दिव्यांच्या माळांपासून अ‍ॅम्प्लिफायरच्या सर्किट बोर्डापर्यंत विजेवर चालणारं जवळजवळ सगळं तिथे मिळतं. गाडी लावायला जागा तेवढी मिळत नाही, तेव्हा मेट्रोनं मंडईला उतरून चालत गेलेलं बरं. आणि जाताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. स्पीकर पसंत पडले, भाव ठरला, की एक प्रश्न हमखास येतो. ‘एवढे चांगले स्पीकर घेतलेत, मग त्यांच्या तोडीची केबल नको का?’ समोर येतं बोटभर जाडीचं, जाळीदार वेष्टणाचं, सोनेरी टोकांचं एक प्रकरण. दिसायला एकदम भारी! आणि किंमतही तशीच.

इथे ‘हो’ म्हणायची घाई करू नका. कारण ते पैसे म्हणजे कुणाचा तरी महिन्याचा मेसचा डबा असतो.

वायरीचं काम किती?

अ‍ॅम्प्लिफायरमधून निघालेला विजेचा प्रवाह स्पीकरपर्यंत पोचवायचा, एवढंच वायरीचं काम. वाटेत तिचा स्वतःचा विरोध, म्हणजे रेझिस्टन्स, थोडी ऊर्जा खातो. किती खातो, हे बारावीच्या फिजिक्सनं काढता येतं.

एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा विरोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. समजा, अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकर पाच मीटरवर आहे. प्रवाह जाऊन परत यायचा, म्हणजे तार झाली दहा मीटर. दीड चौरस मिलिमीटरची वायर वापरली, तर एकूण विरोध साधारण ०.११ ओहम. समोर स्पीकर आहे आठ ओहमचा. म्हणजे वायरीचा वाटा दीड टक्क्याच्या आसपास. हा फरक कानाला कळत नाही. वायरीचा विरोध स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवावा, हा साधा नियम आहे. आठ ओहमला ०.४ ओहम, चार ओहमच्या स्पीकरला ०.२ ओहम. तुमच्या दहा बाय बाराच्या खोलीत दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर या दोन्ही मर्यादांमध्ये आरामात बसते. मोठा हॉल असेल आणि मागचे स्पीकर दहा-बारा मीटरवर जात असतील, तर अडीच घ्या. विषय संपला.

मग महागड्या केबलचं काय? अमेरिकेत २००७ मध्ये हा वाद चांगलाच रंगला होता. भल्याभल्यांचे दावे खोटे पाडणारे जादूगार जेम्स रँडी यांनी ७,२५० डॉलर किमतीच्या स्पीकर केबलबद्दल उघड आव्हान दिलं. ही केबल आणि एक साधी चांगली केबल, यांतला फरक न बघता, फक्त ऐकून ओळखून दाखवा आणि दहा लाख डॉलर घेऊन जा. ते बक्षीस शेवटपर्यंत कुणालाही मिळालं नाही.

काही केबलवर बाण छापलेला असतो. ‘याच दिशेनं लावा, आवाज खुलतो,’ असंही सांगतात. स्पीकरकडे जाणारा प्रवाह उलटसुलट फिरणारा असतो, सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दिशा बदलणारा. त्याला कुठला बाण दाखवणार? सोन्याचा मुलामा मात्र अगदीच फुकट नाही. सोनं गंजत नाही, म्हणून दमट हवेत जोड जास्त टिकतो. पण आवाज त्यामुळे सुधारत नाही.

तांबं की तांब्याचा मुलामा?

वायरीबाबत खरी फसगत वेगळीच आहे. बाजारात ‘सीसीए’ नावाचा प्रकार मिळतो. आत अ‍ॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा पातळ थर. अशा वायरीतून आवाज येत नाही असं मुळीच नाही. पण अ‍ॅल्युमिनियमचा विरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, टोकं दोन-चारदा वाकवली की बारीक तारा तुटतात, आणि मुख्य म्हणजे ही स्वस्त वायर तांब्याच्या भावात गळ्यात मारली जाऊ शकते.

ओळखायचं कसं? एक बारीक तार ब्लेडनं खरवडा. आत चंदेरी दिसलं तर अ‍ॅल्युमिनियम. (काही अस्सल तांब्याच्या तारांवर कथिलाचा चंदेरी थर असतो. तिथे उलटं, खरवडल्यावर लालसर दिसतं.) दुसरी खूण वजनाची. तांबं अ‍ॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं, त्यामुळे एकाच मापाची दोन भेंडोळी दोन हातांत घेतली तरी अंदाज येतो.

जाडी बघताना वरच्या प्लॅस्टिकवर जाऊ नका. जाडजूड वेष्टणाच्या आत केसासारख्या चार तारा निघू शकतात. विचारायचं ते ‘किती चौरस मिलिमीटर?’ दुकानात याला ‘किती स्क्वेअर एमएम’ किंवा नुसतं ‘दीडची’, ‘अडीचची’ म्हणतात. यासाठी स्पेशल ऑडिओ केबलच हवी असंही नाही. घराच्या वायरिंगची तांब्याची दोन कोअरची फ्लेक्सिबल वायरही हे काम चोख करते. १९५८ मध्ये पुण्यातच सुरू झालेली फिनोलेक्स असो किंवा दुसरी कुठलीही चांगली कंपनी, वायरीवर माप आणि आयएसआयची खूण छापलेली असते. एकच पथ्य पाळा. स्पीकरसाठी घेतलेल्या अशा वायरीला कधीही थ्री-पिन लावू नका आणि ती घरातल्या इतर एक्स्टेन्शनच्या ढिगात टाकू नका. कुणी चुकून सॉकेटमध्ये खुपसली तर स्पीकर तर जाईलच, माणसालाही धोका.

लांबी मोजायला सुतळी घ्या. अ‍ॅम्प्लिफायरच्या जागेपासून भिंतीच्या कडेकडेनं, दाराच्या चौकटीला वळसा घालून स्पीकरपर्यंत न्या, वर एक मीटर धरा आणि तो तुकडा खिशात घालून दुकानात जा. अंदाजानं घेतलेली वायर नेहमी हातभर कमीच पडते.

एचडीएमआय : चालते किंवा चालत नाही

स्पीकरच्या वायरीतून प्रत्यक्ष आवाजाचा सिग्नल जातो. एचडीएमआय केबलमधून जातात ते शून्य आणि एक. ते नीट पोचले की काम झालं. स्वस्त केबलमधून संवाद ‘मळकट’ आणि महागातून ‘स्वच्छ’ असं होत नाही. केबल कमी पडली तर ते लगेच दिसतं : पडद्यावर ठिपके चमकतात, चित्र जातं-येतं, आवाज तुटतो.

त्यामुळे इथे ब्रँडपेक्षा दर्जाचं नाव वाचा. फोर-के चित्रासाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ पुरते. नवीन गेमिंग कन्सोल फोर-केमध्ये १२० फ्रेमवर चालवायचा असेल तरच ‘अल्ट्रा हाय स्पीड’ हवी. तिच्या खोक्यावरचं लेबल मोबाइलनं स्कॅन करून खरं-खोटं तपासता येतं. शिवाय केबल जितकी लांब, तितकी कटकट जास्त. टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर शेजारी असतील तर दीड-दोन मीटर भरपूर झालं.

टीव्हीच्या मागे एचडीएमआयच्या एका पोर्टवर ‘एआरसी’ किंवा ‘ई-एआरसी’ लिहिलेलं असतं. ही सोय २००९ मध्ये आली. त्या एकाच केबलमधून टीव्हीचा आवाज उलटा साउंडबारकडे किंवा अ‍ॅम्प्लिफायरकडे येतो. केबल शेजारच्या पोर्टात घातली तर आवाज येत नाही आणि सगळे नव्या केबलला शिव्या घालतात! जोडल्यावर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आवाज ‘पीसीएम’ऐवजी ‘ऑटो’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास-थ्रू’ करा. साध्या एआरसीवर पीसीएम ठेवलं, तर पाच स्पीकर असूनही फक्त दोन चॅनेलचा आवाज पोचतो.

टीव्ही जुना असेल आणि एआरसी नसेल, तर ऑप्टिकल पोर्ट शोधा. त्यातून प्रकाशाच्या रूपात आवाज जातो आणि डॉल्बी ५.१ पर्यंतचं काम भागतं. ब्लूटूथ गाण्यांना ठीक आहे. सिनेमात मात्र आवाज थोडा मागून येतो, ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर ऐकू येतात.

मग पैसे कुठे घालायचे?

स्पीकरमध्ये. सगळ्या साखळीत आवाजाचा चेहरामोहरा सगळ्यात जास्त बदलतो तो स्पीकरमुळे. समजा चौघांनी मिळून २४ हजार जमवले. त्यातले निम्म्याहून जास्त स्पीकरवर, उरलेल्यातला मोठा वाटा अ‍ॅम्प्लिफायरवर आणि सगळ्या वायरी-केबली मिळून हजार-दीड हजाराच्या वर नाही, असं गणित आधीच कागदावर मांडून निघा. दुकानात मांडायला बसलात तर दुकानदार मांडेल.

खोक्यावरच्या वॅटच्या आकड्यांनी हुरळून जाऊ नका. ‘पीएमपीओ’ असं लिहून हजारोंचे आकडे छापलेले असतील, तर ते सोडून द्या. त्याला कसलंही सर्वमान्य मोजमाप नाही. ‘आरएमएस’ किती, ते विचारा. आणि आरएमएसमध्येही पन्नासचे शंभर वॅट झाले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. फरक पडतो फक्त तीन डेसिबलचा. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल वाढावे लागतात आणि त्यासाठी वॅट लागतात दसपट. म्हणून स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा. ८७ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर घेतला, तर तेवढ्याच आवाजाला निम्मे वॅट पुरतात.

आता सगळ्यात मोठा सापळा : स्वस्तातला ‘५.१’. पाच छोटे स्पीकर, एक सबवूफर, रंगीत दिवे, यूएसबी, ब्लूटूथ, रिमोट. बघून वाटतं, एवढ्या पैशांत एवढं सगळं! पण मागची बाजू फिरवून बघा. एचडीएमआयही नाही आणि ऑप्टिकलही नाही, फक्त लाल-पांढऱ्या आरसीए पिना आणि ब्लूटूथ असेल, तर टीव्हीकडून त्याला दोनच चॅनेल मिळणार. तोच आवाज पाच ठिकाणी वाटून दिला जाईल. मागून हेलिकॉप्टर येणार नाही, पुढचेच संवाद मागेही वाजतील. एकच प्रश्न विचारा, ‘यात डॉल्बी डीकोडर आहे का आणि टीव्हीतून ५.१ यात कुठल्या केबलनं जाणार?’ उत्तरात ‘सगळं होतं हो’ एवढंच आलं, तर पुढच्या दुकानाकडे वळा.

बजेट लहान असेल तर पाच फुसक्या स्पीकरपेक्षा दोन दमदार स्पीकर घ्या. यात कमीपणा काही नाही. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये याच पुण्यात, प्रभातच्या स्टुडिओत तयार झाला. तिथे आज एफटीआयआय आहे. प्रभातमधलं ध्वनिमुद्रण सांभाळणारे विष्णुपंत दामले हेच त्याच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक. त्या काळी आवाज एकाच मोनो ट्रॅकवर असायचा. तो सिनेमा १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला आणि आजही त्यातला शब्द न् शब्द मनापर्यंत पोचतो. चॅनेल किती, यापेक्षा शब्द स्वच्छ ऐकू येतो का, हे आधी बघायचं. दोन स्पीकर नीट मांडले तर संवाद बरोबर पडद्याच्या मधोमध ऐकू येतात. ५.१ मध्ये हे काम मधला, म्हणजे सेंटर स्पीकर करतो. तेव्हा खरंखुरं ५.१ घेणार असाल, तर निदान सेंटरच्या बाबतीत काटकसर नको.

फुकटातला सगळ्यात मोठा फरक

आता खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. ‘टण्ण’ असा घुमणारा आवाज आला? टाइल्सची जमीन, उघड्या भिंती, रिकामी खोली. स्टुडंट फ्लॅटची हीच गत असते. अशा खोलीत लाखाचे स्पीकरही कर्कश वाटतात. खाली सतरंजी टाका, खिडकीला जाड पडदा लावा, पुस्तकांचं रॅक आणि गाद्या भिंतीशी सरकवा. आईनं दिलेली गोधडी समोरच्या भिंतीवर टांगली तरी चालेल. पुन्हा टाळी वाजवा, फरक कळेल. एवढा फरक कुठलीही केबल पाडत नाही.

मांडणीही फुकटच असते. तुमची बसायची जागा आणि पुढचे दोन स्पीकर यांचा समभुज त्रिकोण करा. स्पीकरमधला छोटा गोल, म्हणजे ट्वीटर, बसल्यावर कानाच्या उंचीला यायला हवा. सेंटर टीव्हीच्या खाली असेल तर पुढून पुठ्ठ्याची घडी सारून तोंड थोडं वर करा. सराउंड स्पीकर अगदी पाठीमागे नको, बाजूला आणि किंचित मागे ठेवा.

सबवूफरचं तंत्र जरा विनोदी आहे. बारा फुटांच्या भिंतींमध्ये सुमारे ४७ हर्ट्झचा आणि दहा फुटांत सुमारे ५६ हर्ट्झचा सूर घुमतो. म्हणून बास एका कोपऱ्यात बदाबदा आणि दुसरीकडे गायब, असं होतं. यावर उपाय असा, की सबवूफर तुमच्या बसायच्या जागेवर ठेवा, बासचं गाणं लावा आणि भिंतीकडेनं चक्क रांगत फिरा. जिथे बास एकसारखा ऐकू येईल, तिथे सबवूफर न्या. मित्र हसतील, हसू द्या.

शेजारी मात्र हसणार नाहीत. बास भिंत ओलांडतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. सोसायटीनं घरमालकाला फोन केला, तर पणाला लागतं ते तुमचं डिपॉझिट. दहानंतर सबवूफर बंद करा, ‘नाइट मोड’ लावा. त्यात स्फोट दबतात आणि संवाद वर येतात.

जोडताना

वायरीच्या दोन तारांपैकी एकीवर रेघ किंवा वेगळा रंग असतो. ती दोन्ही टोकांना लाललाच लावा. एका स्पीकरचे लाल-काळे उलटे झाले, तर काही बिघडत नाही, पण बास पातळ होतो आणि संवाद मधोमध न येता खोलीभर विखुरतात. बऱ्याचदा ‘केबल खराब’ वाटते, तेव्हा गडबड इथेच असते. सोललेल्या तारा घट्ट पिळा. लालची एक बारीक तार काळ्याला टेकली, तरी अ‍ॅम्प्लिफायर बंद पडू शकतो. जोडाजोड स्विच बंद करूनच.

सतत ‘हूंऽऽ’ आवाज येत असेल तर एकेक केबल काढून बघा. लॅपटॉपचा चार्जर किंवा सेट-टॉप बॉक्स काढल्यावर तो थांबला, तर दोष अर्थिंगच्या वळशाचा आहे. सगळी उपकरणं एकाच बोर्डवर घ्या किंवा ऑप्टिकल केबल वापरा. हूं घालवायला अर्थिंगची पिन तोडायची नाही, म्हणजे नाहीच.

आणि अकरा महिन्यांनी?

भाडेकरार अकरा महिन्यांचा. कुणाची इंटर्नशिप बेंगळुरूला, कुणी गावी परत. म्हणून भिंतीत ड्रिल नको, वायरी चिकटपट्टीनं कडेला बसवा. बिल एकाच्या नावावर घ्या, खोकी माळ्यावर ठेवा आणि कुणी सोडून गेला तर त्याला किती परत द्यायचे, हे आजच ग्रुपवर लिहून टाका. स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर वेगवेगळे घेतले असतील, तर वाटून घेता येतात, विकताही येतात. जुनी वायर मात्र कुणी विकत घेत नाही, मग ती कितीलाही घेतलेली असो.

शेवटचं, दुकानात डेमोला दुकानदाराचा धडाडधूम ट्रेलर ऐकू नका. त्यावर सगळेच सेट भारी वाटतात. पेनड्राइव्हवर तुमचा तुम्हाला पाठ असलेला सिनेमा न्या आणि दोन माणसं हळू बोलतायत असा प्रसंग लावा. आवाज कमी ठेवा, गल्लीतला गोंगाट असू द्या, डोळे मिटा. शब्द कळले तर पैसे काढा.